नातं : मैत्रीण

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि प्रवास' असा विषय छापला आहे. एवढा मोठा विषय मला झेपणार नाही, आणि तुम्हाला जेवणाआधी तो ऐकवणार नाही. मी त्यातला एक तुकडाच घेते. दोन बायका आपल्या मर्जीनं, कुणाही पुरुषाला बरोबर न घेता, लांब आडवाटेला जातात आणि तिथे काही तरी बिनसतं. तेव्हा काय होतं? सहल नीट पार पडली की चार लोक फोटो बघतात, कौतुकही करतात. बिनसली की मात्र घरदार, शेजारपाजार, दवाखाना, पोलीस, सगळे एकच गोष्ट शोधू लागतात. ती कोणती, ते सांगायला मी उभी आहे.

आमची सहल मोटरसायकलवरची होती. स्कूटीवरची नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे बाईनं दुचाकी चालवणं आता पचलं आहे, पण ठरावीक मर्यादेत. १९७२ साली पुण्यात लुना निघाली आणि कितीतरी मास्तरणी, नर्सा, कारकून बायका तिच्यावर बसून घराबाहेर पडल्या. १९९१ नंतर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेनं सायकल शिकणं हा अभ्यासाचाच भाग केला, आणि हजारो गरीब बायका सायकलवर बसल्या. आपण कार्यकर्त्यांनीही वाड्यावस्त्या गाठल्या त्या दुचाकीवरूनच. हे सगळं चालतं, कारण त्यात 'काम' आहे. बाई कामाला निघाली तर गाडी चालते. ती नुसती मजेसाठी, डोंगरातल्या मुरमाच्या रस्त्यावर, गिअरची गाडी घेऊन निघाली की लोकांच्या कपाळाला आठी पडते. माझ्या एका नातेवाईकबाईंनी विचारलं, "पण तिकडे तुमचं काय काम होतं?" काही काम नव्हतं, मावशी. डोंगर बघायचा होता.

ही हौस आजची नाही. १९१६ साली अमेरिकेत ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी आपापल्या मोटरसायकली घेऊन एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेल्या. वाटेत त्यांना पोलिसांनी पकडलं, कशासाठी, तर पुरुषी कपडे घातले म्हणून. डिसेंबर १९३४ मध्ये थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी मैत्रिणी लंडनहून निघाल्या. गाडी ६०० सीसीची, तिला साइडकार, आणि मागे सामानाचा ट्रेलर. सहारा ओलांडून त्या १९३५ च्या जुलैअखेर केपटाऊनला पोहोचल्या. वाळवंटात त्यांचं इंजिन निकामी झालं आणि नवीन येईपर्यंत आगादेझला त्यांना मुक्काम ठोकावा लागला. आपल्याकडे २०११ साली उर्वशी पाटोळे आणि त्यांच्या मैत्रिणींनी पुण्यात 'बायकर्नी' हा बायकांचा गट सुरू केला. मी त्या गटात नाही, पण असा गट आहे हे माहीत असल्यानं धीर येतो.

आता आमचं सांगते. माझी मैत्रीण सदतीस वर्षांची, एका कॉलेजात ग्रंथपाल. एकटी राहते. आईवडील नाहीत, एक भाऊ दुसऱ्या राज्यात नोकरीला. आमची मैत्री बारा वर्षांची. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, माझ्या घराची तिच्याकडे. माझ्या बाळंतपणात रात्री जागली ती हीच. तिला कोणत्या गोळीनं अंगावर पित्त उठतं हे मला पाठ आहे, तिच्या भावाला नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२२ ची दिवाळी. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. अकोले तालुक्यात राजूरहून आत, मुळा नदीच्या खोऱ्यात, अंबित, कुमशेत, पाचनई ही गावं आहेत. बियाणं सांभाळणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या. महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती, भाताची खाचरं, समोर हरिश्चंद्रगडाचा डोंगर. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटांनी वाडीवाडीतून जायचं, असा बेत होता. शहरातली मुलं याला 'ऑफ-रोड' म्हणतात. हा शब्द मला पुढे फार टोचला.

गाड्या दोन, दोघींच्या दोन. २०० सीसीच्या, वजन दीडशे किलोच्या वर, आणि बैठक जमिनीपासून बत्तीस इंच. माझी मैत्रीण पाच फूट एक इंच. थांबताना तिचा एकच पाय जमिनीला लागतो, तोही चवड्यावर. अशा गाड्यांची उंची कुणाला समोर ठेवून ठरवतात हे तुम्हाला सांगायला नको. बुटांचं तर विचारूच नका. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आत कडक पट्टी असलेले खास बूट मिळतात. आम्ही तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे सहा नंबरपासून पुढे. तिचा पाय चार नंबरचा. एका दुकानदारानं सुचवलं, "मॅडम, दोन मोजे घाला." सैल बुटात घोटा आतल्या आत फिरतो, म्हणून तिनं साधे कातडी बूट घातले.

दोघींनीही रीतसर शिकून घेतलं होतं. कच्च्या वाटेवर फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे, चाकातली हवा जरा कमी करायची, पुढचा ब्रेक दाबायचा नाही. पडलेली गाडी उचलायचीही युक्ती आहे. गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची दांडी धरायची, आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत गाडी उभी करायची. दंडाची ताकद फारशी लागत नाही. भरलेला हंडा डोक्यावर चढवणाऱ्या बायकांना हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही. दुपारपर्यंत आम्ही दोनदा पडलो, दोनदा उठलो. हसलोसुद्धा.

तिसऱ्यांदा पडली ती एका ओढ्यावरच्या फरशीवर. पाणी जेमतेम चार बोटं. खाली शेवाळ. तिनं ब्रेक लावला नाही, वेग वाढवला नाही, जे करायचं ते सगळं केलं. मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि डावा पाय फरशीची कड आणि गाडी यांच्यामध्ये सापडला. मी गाडी बंद केली, उचलून बाजूला घेतली. मान दुखते का, बोटं हलतात का, ते विचारलं, मगच हेल्मेट काढलं. घोट्याच्या वर हाड मोडलं होतं आणि त्याचं टोक कातडीतून बाहेर आलं होतं. जखम रुपयाएवढी. पाय सरळ करायचा प्रयत्न केला नाही. कुंपणाच्या दोन कामट्या घेतल्या, ओढणी फाडली, आणि पाय होता तसाच बांधला. फोनला रेंज नाही.

पलीकडच्या खाचरात भातकापणी चालली होती. आमचा आवाज ऐकून पाच बाया आल्या, हातात विळे तसेच. त्यातल्या एका तरुण सुनेनं इकडेतिकडे पाहून विचारलं, "मालक न्हाईत संगं?" तिच्या सासूनं तिला गप्प केलं. "आगं, उचल आधी. मालक मागून इचार." पुढची दहा मिनिटं मी फक्त बघत होते. एक जण घोंगडी आणायला पळाली, दुसरी लांब बांबू घेऊन आली, घोंगडीची चारी टोकं आवळून झोळी झाली. दोन पुरुषही आले, पण झोळीला खांदा बायकांनीच आधी दिला. काळी-पिवळी जीप जिथपर्यंत येते ते ठिकाण अडीच किलोमीटर वर. चढ. पाळीपाळीनं खांदे बदलत त्यांनी तिला पाऊण तासात वर नेलं. कुणी चहाचं विचारलं. ऑपरेशन करावं लागणार म्हणून तिला काही द्यायचं नाही असं मी म्हटलं, तर लगेच पटलं. वाटेत ती सासू धापा टाकत सांगत होती, "माज्या सुनंला अशीच नेली व्हती. वाटंतच मोकळी झाली." तीच सुन, जिनं मालक विचारला होता.

आमच्यासाठी तो 'ऑफ-रोड' होता. गाडीला चिखल लागावा म्हणून मुद्दाम निवडलेला. त्या सुनेला दुसरा रस्ताच नाही. झोळी कशी बांधायची, कुठे खांदा बदलायचा, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं याचा मला आधी अचंबा वाटला, मग अर्थ लागला. पावसाळ्याच्या बातम्यांत गरोदर बाईला झोळीतून नेल्याचा फोटो आपण दरवर्षी पाहतो, निवेदनं देतो. त्या झोळीला खांदा देणाऱ्या बायका किती सरावलेल्या आहेत, हे फोटोत दिसत नाही.

जीपनं आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरनं पाच मिनिटांत जखमेवर निर्जंतुक पट्टी ठेवली, नीट फळी बांधली, धनुर्वाताचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली. कागदावर 'सोबत कोण' असा रकाना होता. तिनं मला विचारलं, मी म्हटलं, मैत्रीण. तिनं लिहिलं, मैत्रीण. झालं.

खरं बिनसलं ते त्याच्या पुढे. मोठ्या गावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आम्ही संध्याकाळी साडेपाचला पोचलो. हाडाच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, उघडी जखम आहे, लवकर धुवून आत सळई टाकावी लागेल. आम्ही म्हटलं, टाका. मग काउंटरवरचा संवाद सुरू झाला. तो मी तुम्हाला जसाच्या तसा सांगते, कारण आपल्यातल्या प्रत्येकीनं तो कधी ना कधी ऐकलेला आहे.

"पेशंटचे मिस्टर?"

"नाहीत."

"वडील?"

"वारले."

"मग सोबत कोण?"

"मी. मैत्रीण."

"ते ठीक आहे हो. पण नातेवाईक कोण?"

स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "पाय माझा आहे. मी शुद्धीवर आहे. सही मी करते." काउंटरवरच्या बाईंनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "त्यांना कळत नाहीये, दुखतंय ना." सदतीस वर्षांची, एम.लिब. झालेली, हजारो पुस्तकांचा हिशेब ठेवणारी बाई. तिला कळत नाहीये.

याच काउंटरवर आणखी एक कागद होता, पैशाचा. अ‍ॅडव्हान्स भरायचा आणि उरलेल्या बिलाची हमी घ्यायची. त्यावर माझी सही विनातक्रार चालली. तिथे 'नातं' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं 'मैत्रीण' लिहिलं, माझं कार्ड घासलं, पावती दिली. म्हणजे बिल भरायला मी नात्यातली. तिच्या पायाबद्दल बोलायला मी परकी आणि तीही परकी.

भावाला फोन लावला गेला. त्याचा पहिला प्रश्न, "गाडीवर तिच्याबरोबर कोण होतं?" दुसरा, "कुणाला विचारून गेल्या होत्या?" तिसरा प्रश्न पायाबद्दलचा. माणूस वाईट नाही, घाबरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन चार दिवस तिच्या उशाशी बसला. पण त्या रात्री त्याचा फोन कधी लागत होता, कधी नव्हता. हॉस्पिटलला हवं होतं ते त्याचं व्हॉट्सॲपवरचं संमतिपत्र. मधल्या वेळात हवालदार जबाब घ्यायला आले. गाडी कोण चालवत होतं? ती. मागे कोण बसलं होतं? कुणी नाही. मग दुसरी गाडी कुणाची? माझी. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "म्हणजे दोघीच एकट्या?"

हे वाक्य मी नंतर महिनाभर ऐकलं. सोसायटीत, कॉलेजात, तिच्या मावसबहिणीकडून. "दोघीच एकट्या गेलात?" मराठी व्याकरणात दोघी आणि एकट्या एका वाक्यात बसत नाहीत, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला अर्थ कळतो. दहाजणी असत्या तरी एकट्याच. फरशीवर शेवाळ होतं, ओढ्यावर पूल नव्हता, चार नंबरचा बूट बाजारात नव्हता, यातलं काहीही कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन रात्री अकरानंतर झालं. साडेपाच तास. जखम पुढे चिघळली आणि तिला आणखी दोनदा टेबलावर जावं लागलं. त्या साडेपाच तासांमुळेच चिघळली असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण ते तास वैद्यकीय कारणानं गेले नाहीत, एवढं नक्की सांगू शकते.

आता कायदा काय म्हणतो? हा भाग जरा सावकाश घेते, कारण तो आपल्या रोजच्या कामाचा आहे.

१९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमी माणूस समोर आला तर डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवण्याची मदत त्यानं ताबडतोब केली पाहिजे, पोलिसी सोपस्कार नंतर. संमतीबद्दलचा महत्त्वाचा निकाल २००८ चा, समीरा कोहली खटल्याचा. १९९५ साली दिल्लीत चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करायला तिनं संमती दिली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले गेले. न्यायालयानं म्हटलं, सज्ञान आणि सक्षम रुग्णाच्या बाबतीत संमती तिची स्वतःची लागते, आईची चालत नाही. अपवाद एकच, जीव वाचवायला तातडीनं करावं लागणारं काम, आणि त्यासाठी तर कुणाच्याच सहीची वाट बघायची गरज नाही. या दोन वाक्यांत आमच्या काउंटरवरचा सगळा वाद मिटतो. ती शुद्धीवर होती, तिची सही पुरेशी होती. ती शुद्धीवर नसती आणि जिवावर बेतलं असतं, तर भावाच्या सहीसाठी थांबायचं नव्हतं.

मग हॉस्पिटलं असं का करतात? वाईटपणा हे कारण थोडं, भीती हे जास्त. उद्या काही झालं तर भांडायला नातेवाईक येतात, म्हणून नातेवाईकाची सही घेऊन ठेवायची. शिवाय बिलाची काळजी, आणि बिलाची हमी व उपचाराची संमती या दोन वेगळ्या गोष्टींची काउंटरवर होणारी खिचडी. आणखी एक कारण मला कागदात सापडलं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची घ्यायची याची यादी आहे. आधी नवरा किंवा बायको, मग अज्ञान मुलाचे आईबाप वा पालक, आणि शेवटी, 'किंवा यथास्थिती' रुग्ण स्वतः. जिचं शरीर तिचा नंबर शेवटचा. मूल होण्याची शक्यता संपवणारी शस्त्रक्रिया असेल तर नवराबायको दोघांची संमती हवी असंही त्यातच आहे. एकीकडे सर्वोच्च न्यायालय, दुसरीकडे असा छापील नियम, आणि काउंटरवरच्या बाईंच्या हाताशी यातलं एकही नाही, फक्त वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलेला फॉर्म.

आपल्याला हे नवीन नाही. गर्भपातासाठी १९७१ च्या कायद्यानं सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी ठरवली आहे. तरी मी गेली दहा वर्षं बायकांबरोबर दवाखान्यात जाते आणि दर खेपेला 'मिस्टरांना घेऊन या' हेच ऐकते. आमच्या अपघाताच्या जवळजवळ महिनाभर आधी, २९ सप्टेंबर २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बायकांच्या गर्भपाताच्या हक्काचा निकाल देताना हेही नोंदवलं की डॉक्टर कायद्यात नसलेल्या अटी घालतात, घरच्यांची संमती मागतात. कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेला जोडीदाराची संमती लागत नाही असं सरकारचेच निकष सांगतात. तरी बाईला नवऱ्याच्या सहीसाठी परत पाठवतात. गर्भपात असो, घोट्याचं हाड असो, त्या सुनेनं साध्या मनानं विचारला तोच प्रश्न फॉर्मवर छापलेला असतो : मालक कुठे आहेत?

आणि ज्यांना मालक नाही त्यांचं काय? एकट्या, परित्यक्ता, घटस्फोटित, विधवा, घर सोडून आलेल्या, एकमेकींबरोबर राहणाऱ्या बायका. आपल्या संघटनेत त्या निम्म्याहून जास्त आहेत. त्यांच्या आजारपणात कोण धावतं? आपणच. रक्त कोण देतं, डबा कोण नेतं, रात्री बाकड्यावर कोण झोपतं? मैत्रीण. फक्त रकान्यात तिला जागा नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कुटुंब एकाच साच्याचं नसतं. ते वाचून मला बरं वाटलं. पण ते काउंटरपर्यंत आपोआप पोचत नाही.

व्यवहारात काय करता येतं ते सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक चांगली सोय आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानं, आपली प्रतिनिधी नेमू शकते. ती नात्यातलीच हवी असं नाही. मैत्रीण चालते. पण हे मानसिक आजाराच्या उपचारापुरतं. आयुष्याच्या अखेरीच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याची मुभा २०१८ च्या निकालानं दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. मोडलेल्या पायासाठी असा कागद नाही. म्हणून आम्ही दोघींनी आमचा आम्ही केला. एका पानावर रक्तगट, न चालणारी औषधं, चालू गोळ्या, आणि खाली दोन वाक्यं. 'मी शुद्धीवर असेन तर माझ्या उपचारांना माझीच संमती घ्यावी. मी नसेन तर माझ्याविषयी अमुक हिच्याशी बोलावं, मला काय हवं ते तिला माहीत आहे.' खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. हा कागद म्हणजे कायदा नव्हे, कुणी फसू नका. पण काउंटरवर तोंडी भांडणं आणि हातात सहीचा कागद असणं यात फरक पडतो. मागच्या वर्षी तिच्या पायातली सळई काढायची होती. दुसरं हॉस्पिटल निवडलं, कागद पुढे केला, समीरा कोहली निकालाची झेरॉक्स जोडली. तिथल्या डॉक्टरांनी ती झेरॉक्स ठेवून घेतली. म्हणाले, आमच्या स्टाफला दाखवतो.

त्या वाडीतल्या बायकांनी २०२३ च्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ओढ्यावर पूल हवा असा ठराव मांडला. अर्जाला माझ्या मैत्रिणीचं अपघाताचं पत्र जोडलं. आपल्या सुनांच्या बाळंतपणांची यादी त्यांनी आधीही दिली होती. शहरातल्या बाईचा पाय मोडल्यावर कागद जड होतो, हे त्यांनी आमच्याआधी ओळखलं आणि बेधडक वापरलं. मला ते फार आवडलं.

कुणीतरी मघाशी मागून विचारलं, आता ती गाडी चालवते का. चालवते. थोडी लंगडते, पण गिअर डाव्या पायाचे असल्यानं तिनं पायानं वर उचलायचा दांडा बदलून टाचेनं दाबायचा बसवून घेतला आहे. बूट अजून चार नंबरचे मिळाले नाहीत. एका चांभारदादांकडून तिनं करून घेतलेत, आत पितळी पट्टी घालून.

आता जेवणाआधी अर्धा तास आहे. गटात बसूया. मी त्या पानाच्या चाळीस प्रती आणल्या आहेत. घरी नेऊन भरते असं म्हणू नका, इथेच भरा, साक्षीदार शेजारीच बसलेल्या आहेत. 'हिच्याशी बोलावं' इथे नाव लिहिताना त्या मैत्रिणीला आधी विचारा, आणि तुम्हाला कोणती गोळी चालत नाही हेही सांगून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाईचं पॅड आहे. पेनं कमी आहेत, एकमेकींना द्या.